वेग घेताना मोटार का थरथरते?

शाळेच्या वार्षिक अंकात भाषेच्या शिक्षकाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर. हातास ग्रीस लागण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडेच. परंतु पदवीसाठी जे तर्कशास्त्र मी वाचले, त्याचा रोकडा उपयोग वर्गापेक्षा मिस्त्रीच्या टपरीत मला अधिक वेळा पाहावयास मिळाला. शिवाय मोटार बिघडली म्हणजे मालकाची पहिली अडचण शब्दांचीच असते. काय होते आहे हे त्यास नीट सांगता येत नाही. आणि नीट न सांगितल्यामुळे निदान चुकते, नको तो भाग बदलला जातो, आणि पैसा व्यर्थ जातो. तेव्हा या विषयावर भाषाशिक्षकाचाही थोडा हक्क आहे असे मी समजतो.

'गाडी थरथरते' एवढे सांगून मालक मोकळा होतो. आपल्या या सीमेवरच्या मुलखात ही तक्रार तर तीन भाषांतून येते. कानडी बोलणारा शेतकरी 'नडुगु' या क्रियापदाचे एखादे रूप वापरतो, आमच्या कोंकणी घरात 'गाडी कांपता' असे म्हणतात, आणि गॅरेजातला पोरगा या साऱ्यांवर 'मिसिंग' हा एकच शिक्का मारतो. वास्तविक मराठीत यासाठी निरनिराळे शब्द तयार आहेत. बारीक, जलद आणि सतत चालणारी ती थरथर. हिवताप भरलेल्या माणसाच्या अंगासारखी. गाडी पुढे ओढ घेते आणि मध्येच सुटते, पुन्हा ओढ घेते, तो हिसका. चढावर बैलाचा पाय अडखळला म्हणजे बैलगाडीस बसतो तसा. आणि जागेवरून निघतानाच सबंध सांगाडा, खिडक्यांच्या काचांसकट, खडखडतो तो हादरा. ही तीन लक्षणे बहुधा तीन निरनिराळ्या अवयवांकडे बोट दाखवितात. कोणता शब्द आपल्या गाडीस लागू पडतो एवढे ठरविले, तरी निम्मे निदान घरबसल्या होते.

आता हिसक्याचा विचार करू. कारण सर्वांत अधिक आढळणारा प्रकार तोच.

पेट्रोलचे इंजिन चार धावांत काम करते हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकलेले आहात. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ साली हे इंजिन सिद्ध केले, आणि तत्त्वतः आजही तेच चालते. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खाली जाताना हवा व इंधन आत ओढतो. वर येताना ते मिश्रण दाबतो. प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि दट्ट्या जोराने खाली लोटला जातो. पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर टाकतो. चार धावांपैकी कामाची धाव एकच. बाकीच्या तीन धावा गाडी जडत्वाच्या बळावर आणि इतर सिलिंडरांच्या उसनवारीवर निभावून नेते.

थोडे गणित करू. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांस एक, म्हणजे मिनिटास १५०० आणि सेकंदास २५ स्फोट होतात. चार सिलिंडरांचे मिळून सेकंदास १००. हे १०० धक्के इतके जवळजवळ पडतात की आपणास ते एकसंध बळ वाटते. आता चारांपैकी एका सिलिंडराने दांडी मारली, तर दर चौथा धक्का गळतो. सेकंदास २५ खड्डे पडतात. इंजिन मंद, मिनिटास ८०० फेऱ्यांवर चालत असता हेच खड्डे सेकंदास सहा-सात असतात, आणि आसनावर बसलेल्यास ते जवळजवळ मोजता येतात. आणि तो सिलिंडर कधी पेटतो, कधी पेटत नाही अशी स्थिती असेल, तर थरथर न होता वेडेवाकडे हिसके बसतात.

परंतु ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हे का व्हावे? उभी गाडी तर कित्येकदा निमूट चालत असते. विद्यार्थ्यांनी या प्रश्नावर थोडे थांबावे, कारण सारे रहस्य येथे आहे. ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे सिलिंडरात अधिक हवा शिरते. अधिक हवा तेवढ्याच जागेत दाबली गेल्याने ठिणगीच्या क्षणी तेथील दाब पुष्कळ वाढतो. आणि दाबलेल्या, दाट वायूतून ठिणगी उडविणे कठीण असते. त्यास अधिक विद्युत्‌दाब लागतो. कॉइल नावाचे उपकरण बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न करते ते याचसाठी. कॉइल कमजोर झाली असेल, प्लगच्या टोकांतील फट झिजून रुंद झाली असेल, किंवा प्लगवरच्या टोपीस चीर गेली असेल, तर हलक्या कामापुरती ठिणगी पडते, भार आला की ती वाट सोडून भलतीकडे निसटते. इंधनाचेही तसेच. तुंबलेल्या फिल्टरातून उभ्या गाडीपुरते पेट्रोल झिरपते. निपाणीहून संकेश्वराकडे जाताना तवंदीचा घाट लागला की मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. एक वेळच्या जेवणावर मनुष्य ओसरीत बसून दिवस काढील. त्याच्या डोक्यावर पोते दिले की त्याचे पाय लटपटू लागतात.

ठिणगी आणि इंधन ही दोन दुखणी मोटारीइतकीच जुनी आहेत. कार्ल बेंझ याची पत्नी बेर्था हिने १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, पतीस न कळविता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर मोटार नेली. मोटारीतून इतका लांबचा प्रवास त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली. ती तिने आपल्या टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजून वीज गळू लागली. तेव्हा पायमोज्याचा पट्टा गुंडाळून तिने ती तार झाकली. चढावर मात्र मुलांना गाडी ढकलावी लागे, म्हणून परतल्यावर तिने चढासाठी आणखी एक गिअर हवा असे पतीस सुचविले. त्याच १८८८ सालापासून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ धरतात, आणि तो आरंभ आपल्या बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही त्या काळी मुंबईस शिक्षक होते, हे मी आमच्या शिक्षकवर्गात अधूनमधून सांगत असतो. १९१० साली त्यांचा कारखाना येथून किर्लोस्करवाडीस गेला. तथापि यंत्राची हौस आणि लोखंड ओतण्याची विद्या या गावाने सोडली नाही. उद्यमबागेत फिरून यावे म्हणजे याची खात्री पटेल.

असो. आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण पुढचा मुद्दा तिच्यावाचून कळणार नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पेट्रोलवर चालणारी व्हॅन चालवितात. सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मुलांची ने-आण, आणि मधल्या वेळेत बेळगावच्या दवाखान्यांत जाणाऱ्या रुग्णांची भाडी, यावर त्यांचे घर चालते. ती व्हॅन चढावर हिसके देऊ लागली. घाटात मागून उसाचे आणि मालाचे ट्रक येत असता गाडीचा जोर एकाएकी जाणे म्हणजे काय, हे या रस्त्यावरून जाणाऱ्यांस सांगावयास नको. एका गॅरेजात त्यांना क्लच गेल्याचे सांगण्यात आले. क्लचचा संच आणि मजुरी मिळून रक्कम अशी होती की पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले असते. अर्जही आणलेला होता.

सुदैवाने त्यांनी तत्पूर्वी निपाणीतील एका वयस्क मिस्त्रीस गाडी दाखविली. त्या गृहस्थांनी पान्यास हात न लावता तीन प्रश्न विचारले. हिसके पहिल्या गिअरमध्ये निघतानाच बसतात की तिसऱ्या गिअरमध्ये चालत्या गाडीतही? चालत्या गाडीतही, असे उत्तर आले. इंजिनाचा आवाज एकदम वाढून गाडी मात्र मागे राहते काय? नाही. दिवा लागतो काय? लागतो, आणि चढावर लुकलुकतो. एवढ्यावर त्यांनी क्लचचा आरोप फेटाळून लावला. त्यांची कारणे अशी. क्लच हादरा देतो तो अर्धवट जुळलेल्या स्थितीत, म्हणजे पेडलवरून पाय हळूहळू उचलताना. एकदा तो पुरता जुळला की इंजिन आणि गिअरपेटी एकजीव फिरतात. मग तो घसरेल, पण हिसके देणार नाही. आणि घसरला असता, तर इंजिन नुसते ओरडले असते. न्यायशास्त्र न वाचलेल्या माणसाच्या तोंडी इतके शुद्ध अनुमान मी क्वचितच ऐकले आहे.

नंतर त्यांनी तळहाताएवढे स्कॅनर यंत्र गाडीस जोडले. आजच्या मोटारीत एक लहानसा संगणक क्रँकशाफ्टची गती सतत मोजीत असतो. एखाद्या सिलिंडराच्या पाळीस गती किंचित मंदावली की तो सिलिंडर पेटला नाही हे त्यास कळते, आणि तो त्याची नोंद ठेवितो. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडराची चूक, 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्याची, याप्रमाणे. आणि 'पी ०३००' म्हणजे अनेक सिलिंडरांत मिळून अनियमित चूक. येथे 'पी ०३०२' निघाला. पुष्कळांची समजूत अशी असते की यंत्राने आकडा दाखविला म्हणजे काय बदलावयाचे ते सांगितले. तसे नव्हे. दुसरा सिलिंडर पेटत नाही एवढेच यंत्र सांगते. प्लगमुळे, कॉइलमुळे, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे की झडपेमुळे, हे माणसाने शोधावयाचे असते.

त्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल होती. मिस्त्रींनी दुसऱ्या सिलिंडराची कॉइल काढून तिसऱ्यावर बसविली, आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. इतर कशासही हात लावला नाही. जुनी नोंद पुसून गाडी चढावर नेऊन आणली. यंत्रात आता 'पी ०३०३' होता. दोष कॉइलच्या पाठोपाठ गेला होता! नवी कॉइल एक बसली, आणि पतसंस्थेचा अर्ज कोराच राहिला.

आपल्या नैयायिकांनी कार्यकारणभाव ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असेल तेथे कार्य असावे, हा अन्वय. कारण नसेल तेथे कार्य नसावे, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८४३ साली तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडल्या. कॉइलांच्या अदलाबदलीने या दोन्ही कसोट्या एकाच फेरीत लागल्या: कॉइल तिसऱ्यावर गेली तेथे दोष उपजला, दुसऱ्यावरून निघाली तेथला दोष मावळला. समजा, अदलाबदलीनंतरही 'पी ०३०२'च राहिला असता, तर कॉइल निर्दोष ठरून प्लगांची अदलाबदल करावयाची, आणि तेही निर्दोष ठरले तर इंजेक्टर व शेवटी सिलिंडरातील दाब तपासावयाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम. प्लग, कॉइल, फिल्टर सारे एकदम बदलले तरी गाडी कदाचित बरी होईल. पण रोग कोणता होता हे कळत नाही, आणि बिल मात्र सगळ्यांचे येते.

काढलेला प्लग पाहण्यासारखा असतो. टोकाशी फिकट तपकिरी किंवा राखी रंग असेल तर तो सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर ठिणगीच पडत नाही. तेलकट असेल तर इंजिनाचे वंगण आत शिरते आहे, आणि तो रोग मोठ्या खर्चाचा. पांढराफटक, फोड आलेला प्लग अति तापल्याची खूण आहे. चिनी मातीच्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी त्या वाटेने निसटत होती असे समजावे. दोन टोकांमधील फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान. प्लग परत बसविताना आधी बोटांनीच फिरवावा. पान्याने एकदम आवळल्यास ॲल्युमिनियमचे आटे उखडतात.

चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील तर संशय इंधनावर किंवा हवेवर घ्यावा: फिल्टर, टाकीतला पंप, हवेची गाळणी, हवा मोजणारा सेन्सर. आपल्याकडे एक विशेष कारण संभवते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. २०२३ पासून असे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आपल्याभोवतीच्या उसाचाही त्यात वाटा आहे, म्हणून त्याचे आपणास कौतुक वाटणे स्वाभाविक होय. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीचे झाकण नीट न बसल्यामुळे पावसाळ्यात पाणी आत गेले आणि गाडी बराच काळ उभी राहिली, तर इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमके तेच ओढतो. शिवाय जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. डिझेलच्या जीपगाड्यांस प्लग आणि कॉइल नसतात. तेथे प्रथम फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढून पाहावे.

लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी मात्र एक गंभीर सूचना. इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी यावे. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करून गाडी शक्य तितक्या लवकर कडेला घ्यावी. न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग तांबडालाल होतो. तो बिघडला तर कॉइलच्या कैक पटींनी खर्च येतो. आणि अशी गाडी उन्हाळ्यात वाळल्या गवतावर उभी केली तर आग लागण्याचा संभव आहे.

हादऱ्याचा प्रकार थोडक्यात आटोपतो. पहिल्या किंवा मागच्या गिअरमध्ये निघतानाच हादरा बसत असेल आणि क्लच पुरता सुटताच थांबत असेल, तर क्लचच्या तबकडीवर तेल आले आहे, ती पेटून चकचकीत झाली आहे, किंवा इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसते त्या फाटल्या आहेत. बैठकी आधी पाहाव्यात, त्या स्वस्त.

थरथर मात्र पुन्हा मजेची आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे २२ मीटर, गाडी चालली आहे असे समजा. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १.९ मीटर, म्हणजे चाक सेकंदास सुमारे १२ फेरे घेते. चाकाचा तोल बिघडला असेल तर सेकंदास १२ वेळा स्टिअरिंग कापते. आणि ॲक्सिलरेटर दाबा वा सोडा, वेग तोच असेपर्यंत ते कापतच राहते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारीत गिअरपेटीपासून चाकापर्यंत जो दांडा जातो, त्याच्या आतल्या सांध्यात बहुधा तीन भुजा असतात. तो सांधा झिजला तर प्रत्येक फेऱ्यास तीन, म्हणजे सेकंदास सुमारे ३५ धक्के बसतात, आणि तेही भार असतानाच. ॲक्सिलरेटर सोडला की थरथर जणू कळ दाबल्यासारखी बंद होते. वेग मात्र तोच असतो. चाकाच्या आणि सांध्याच्या दोषांत भेद करण्यास ही एक परीक्षा पुरेशी आहे. सांध्यावरची रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर उडालेले दिसले तर शंका उरत नाही. टोपी फाटताच बदलली तर सांधा वाचतो. धूळ आत गेल्यावर सांधाच बदलावा लागतो. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत हेच काम लांब प्रोपेलर शाफ्ट व त्याचे क्रॉस करतात, आणि तेच तपासावयाचे असतात.

विद्यार्थ्यांनी यांपैकी काही पाहावयाचे असल्यास ते वडील माणसाबरोबर, इंजिन निवाल्यावर, किल्ली काढून आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवूनच. चालू इंजिनाची कॉइल किंवा तार हाताने ओढून पाहण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. हजारो व्होल्टांशी हा खेळ कोणी करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मिस्त्रीनेही शिरू नये.

नववीच्या वर्गास पत्रलेखनाच्या तासाला मी एकदा 'बिघडलेल्या मोटारीविषयी मिस्त्रीस चिठ्ठी' असा विषय दिला होता. बहुतेक चिठ्ठ्या 'कृ. सा. न. वि. वि.' पासून सुरू होऊन 'गाडी लवकर दुरुस्त करावी' येथे संपल्या. एका मुलीची चिठ्ठी मात्र अशी होती:

"गाडी पेट्रोलची आहे व ६२ हजार किलोमीटर चालली आहे. सहा दिवसांपासून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की हिसके बसतात. पाय काढला की थांबतात. सपाट रस्त्यावर बसत नाहीत. सकाळी गाडी थंड असताना त्रास नाही, पंधरा मिनिटांनी सुरू होतो. क्लच सोडताना हादरा नाही. स्टिअरिंग कापत नाही. दिवा दोनदा लुकलुकला. प्लग मागच्या वर्षी बदलले, इंधनाचा फिल्टर बाबांच्या आठवणीत कधीच बदललेला नाही."